न भेटलेल्या माणसाला जीव लावणे : बेसबॉलपटू आणि त्यांचे छोटे चाहते

१९२६ सालच्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या एसेक्स फेल्स नावाच्या लहानशा गावी, एका अकरा वर्षांच्या आजारी मुलाच्या घरी विमानटपालाने दोन बेसबॉल येऊन पोचले. मुलाचे नाव जॉनी सिल्वेस्टर. त्या उन्हाळ्यात तो घोड्यावरून पडला होता आणि त्यानंतर त्याचे दुखणे बळावत गेले होते. न्यूयॉर्क यांकीज आणि सेंट लुई कार्डिनल्स या दोन संघांमध्ये तेव्हा वर्ल्ड सीरीज, म्हणजे वर्षाच्या विजेतेपदाची अंतिम मालिका सुरू होती, आणि त्या मालिकेतला एक चेंडू आपल्याला मिळावा एवढीच त्या मुलाची इच्छा होती. आलेल्या दोन चेंडूंपैकी एकावर कार्डिनल्सच्या खेळाडूंच्या सह्या होत्या आणि दुसऱ्यावर यांकीजच्या. या दुसऱ्या चेंडूवर यांकीजचा विख्यात फलंदाज बेब रूथ याने एक वचनही लिहून दिले होते : बुधवारच्या सामन्यात मी तुझ्यासाठी एक होमरन मारीन.

होमरन म्हणजे फलंदाजाने चेंडू मैदानाच्या कुंपणापलीकडे भिरकावणे. आपल्या षटकाराचा हा थोरला भाऊ म्हणता येईल. तो षटकाराइतका वरचेवर घडत नाही आणि ठरवून तर मुळीच मारता येत नाही. तरीही ६ ऑक्टोबरच्या त्या बुधवारी सेंट लुईच्या मैदानावर रूथने एक नव्हे, तीन होमरन मारले. वर्ल्ड सीरीजच्या एकाच सामन्यात तीन होमरन तोपर्यंत कोणीही मारलेले नव्हते. मुलगा पुढे बरा झाला आणि वर्तमानपत्रांनी ‘रूथच्या फटक्याने मुलाचा जीव वाचवला’ अशा थाटाच्या बातम्या छापल्या.

फटक्याने ताप उतरतो, हे कोणताही जबाबदार डॉक्टर मान्य करणार नाही, आणि आपणही ते मान्य करण्याचे कारण नाही. मात्र या गोष्टीला भाबडी म्हणून बाजूला सारणेही बरोबर नाही, कारण त्या खोलीत काहीतरी घडले होते हे निश्चित. ज्या माणसाला आपण कधी भेटलो नाही, ज्याला आपले नावही ठाऊक नाही, त्याच्यावर एखादे मूल इतका जीव कसे लावते? आणि त्या माणसाकडून एका ओळीचे उत्तर आले, तर त्या मुलाच्या आयुष्यात ते इतके खोल का रुजते? हे समजून घेण्यासाठी बेसबॉलइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

१९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि आर. रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी एक निबंध लिहिला आणि या प्रकारच्या नात्याला शास्त्रीय नाव दिले. ते नाव इंग्रजीत ‘पॅरासोशल’ असे आहे. मराठीत आपण त्याला सरळ ‘दुरून जडलेले एकतर्फी नाते’ म्हणू. रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरचा माणूस रोज ठरलेल्या वेळी घरात येतो, आपल्याशीच बोलल्यासारखा बोलतो, त्याच्या लकबी आपल्या परिचयाच्या होतात, आणि आपले मन त्याला ओळखीच्या माणसांच्या यादीत घालते, असे त्यांचे निरीक्षण होते. ओळख होण्यासाठी मनाला जे लागते ते सारे, म्हणजे चेहरा, आवाज, सवयी आणि नियमित भेट, इथे एका बाजूने पुरवलेले असते. उणीव असते ती फक्त दुसऱ्या बाजूच्या उत्तराची.

आपल्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. मातीच्या द्रोणाचार्यांसमोर धनुर्विद्या शिकणाऱ्या एकलव्याचे नाते याच जातीचे होते : पूर्ण खरे, पूर्ण निष्ठेचे आणि पूर्ण एकतर्फी. ट्रान्झिस्टरला कान लावून क्रिकेटचे समालोचन ऐकणाऱ्या आणि वहीच्या पुठ्ठ्याआड मासिकातला फोटो जपणाऱ्या आमच्या पिढीलाही ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मुलांमध्ये हे नाते मोठ्यांपेक्षा घट्ट असते, कारण ‘हा माझा माणूस’ आणि ‘मी पुढे होईन तो माणूस’ या दोन गोष्टी त्यांच्या मनात अजून वेगळ्या झालेल्या नसतात. मोठा चाहता खेळाडूचे कौतुक करतो. मूल त्याच्यासारखे उभे राहते, त्याच्यासारखी टोपी घालते आणि गल्लीत खेळताना त्याचे नाव घेऊनच फलंदाजीला येते. रॉबर्ट चाल्डीनी या मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली सहकाऱ्यांसह केलेल्या अभ्यासात असे आढळले की विद्यापीठाचा संघ जिंकला की विद्यार्थी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे अधिक घालतात, आणि विजयाबद्दल बोलताना ‘आपण’ हा शब्द अधिक वापरतात. महाविद्यालयीन तरुणांची ही गत असेल, तर नऊ-दहा वर्षांच्या मुलाचे ‘आपण जिंकलो’ किती मनापासूनचे असेल, याची कल्पना करावी.

हे सगळे कोणत्याही खेळाला लागू आहे. बेसबॉलचे वेगळेपण त्याच्या रचनेत आहे, आणि ते पाहण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे हा खेळ जवळजवळ रोज असतो. मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतला प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो, त्यांपैकी ८१ घरच्या मैदानावर, आणि हे सारे सुमारे सहा महिन्यांत. रूथच्या काळात हा आकडा १५४ होता. याचा अर्थ असा की वसंत ऋतूपासून पानगळीपर्यंत आपला आवडता खेळाडू मुलाला जवळपास रोज संध्याकाळी भेटतो, आणि त्या रोजच्या भेटीत तो चुकतोही. बेसबॉलमध्ये दहापैकी तीन वेळा यशस्वी फटका मारणारा फलंदाज उत्तम समजला जातो. उरलेल्या सात वेळा तो मान खाली घालून परत येतो. रोज चुकणारा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहणारा माणूस मुलाला देवापेक्षा मोठ्या भावाच्या अधिक जवळचा वाटतो.

दुसरी गोष्ट अंतराची. सामन्याआधी खेळाडू फलंदाजीचा सराव करत असतात तेव्हा मैदानाच्या कडेच्या कठड्याशी मुले हातात ग्लव्ह, चेंडू आणि पेन घेऊन उभी असतात, आणि अनेक खेळाडू चालत येऊन सह्या देतात. बेसबॉलच्या पांढऱ्या कातड्यावर तांबड्या दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके असतात. शिवणीच्या दोन रेषा जिथे एकमेकींच्या सर्वांत जवळ येतात, तिथे एक अरुंद, कोरी पट्टी उरते. तिला ‘स्वीट स्पॉट’ म्हणतात, आणि एकाच खेळाडूची सही घ्यायची असेल तर ती तिथेच घ्यायची असते. आठ वर्षांचे मूल चेंडू पुढे करताना बोटांनी नेमकी ती जागा वर धरते, आणि खेळाडूही तो चेंडू न फिरवता तिथेच पेन टेकवतो. दोघांनाही ठाऊक असलेली ही खूण म्हणजे त्या एकतर्फी नात्याला मिळालेले पहिले उत्तर असते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. क्रिकेटमध्ये षटकाराचा चेंडू प्रेक्षकाने परत मैदानात फेकायचा असतो, कारण त्याच चेंडूने खेळ पुढे चालायचा असतो. बेसबॉलमध्ये प्रेक्षकांत गेलेला चेंडू ज्याच्या हाती लागला त्याचा. हा हक्क आपोआप मिळालेला नाही. पूर्वी इथेही चेंडू परत द्यावा लागे. १९२१ साली न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर एका प्रेक्षकाने चेंडू परत देण्यास नकार दिला, त्याला बाहेर काढण्यात आले, त्याने संघमालकांवर दावा लावला आणि १०० डॉलरची भरपाई मिळवली. त्यानंतर लवकरच फिलाडेल्फियात एका अकरा वर्षांच्या मुलाने चेंडू खिशात घातला म्हणून त्याला चक्क पकडून एक रात्र बालसुधारगृहात ठेवले गेले. न्यायाधीशांनी मात्र त्याला सोडून दिले. पुढे सगळ्याच संघांनी हट्ट सोडला. आज ज्या चेंडूला क्षणापूर्वी आपल्या आवडत्या खेळाडूची बॅट लागली, तोच चेंडू मूल उशाशी घेऊन झोपू शकते. नात्याला हात लावता येईल अशी एखादी वस्तू मिळाली की ते किती पक्के होते, हे देवघरातल्या टाकांना रोज अंघोळ घालणाऱ्या घरांत वाढलेल्या आपल्यासारख्यांना सहज उमजेल.

आता पुन्हा रूथकडे येऊ, कारण त्याच्या गोष्टीचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. ती मालिका शेवटी कार्डिनल्सनी जिंकली. १० ऑक्टोबरच्या निर्णायक सामन्यात दुसऱ्या बेसकडे, म्हणजे धाव पूर्ण करण्याच्या वाटेवरच्या दुसऱ्या टप्प्याकडे धावताना बाद झालेला शेवटचा खेळाडू खुद्द रूथ होता. दुसऱ्याच दिवशी तो एसेक्स फेल्सला जॉनीच्या घरी गेला. त्याच न्यू जर्सीत आज हजारो मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्यापैकी कोणी या गावावरून जात असेल, तर त्यांना हा प्रसंग ठाऊक असावा असे वाटते. आयुष्यातला एक मोठा पराभव पचवून चोवीस तासही झालेले नसताना एका मुलाच्या उशाशी जाऊन बसणे सोपे नव्हते. रूथ स्वतः सात वर्षांचा असताना त्याला बाल्टिमोरच्या सेंट मेरीज या मुलांच्या निवासी शाळेत ठेवण्यात आले होते, आणि त्याचे बालपण बहुतांशी तिथेच गेले. एकट्या पडलेल्या मुलाला मोठ्या माणसाचे येणे काय असते, हे त्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

तरीही हे नाते समतोल नव्हते. पुढे कोणीतरी रूथला भेटून जॉनीच्या वतीने आभार मानले आणि तो गेल्यावर रूथने ‘हा जॉनी सिल्वेस्टर कोण?’ असे विचारले, अशी एक आठवण सांगितली जाते. ती वाचून वाईट वाटते, पण तीत नवल नाही. मुलासाठी खेळाडू एकच असतो. खेळाडूसाठी मुले हजारो असतात. रूथची माया खोटी होती असा याचा अर्थ होत नाही. एका बाजूला जे आयुष्यभर साठवले जाते, ते दुसऱ्या बाजूला एका दुपारपुरते असू शकते, आणि त्या दुपारी ते पूर्ण खरे असते.

जॉनीने ते साठवले होते. तो प्रिन्स्टन विद्यापीठात शिकला, दुसऱ्या महायुद्धात नौदलात होता, पुढे एका कंपनीचा अध्यक्ष झाला आणि १९९० सालापर्यंत जगला. १९४७ साली रूथ कर्करोगाने खंगलेला असताना हा तिशी ओलांडलेला माणूस त्याच्या न्यूयॉर्कच्या घरी त्याला भेटायला गेला, आणि जाताना तो जुना चेंडू बरोबर घेऊन गेला. या वेळी आजारी खेळाडू होता आणि त्याच्या उशाशी आलेला चाहता. एकवीस वर्षांपूर्वीच्या भेटीची ही परतफेड होती असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

प्रत्यक्ष भेट झाली नाही, सही मिळाली नाही, तरी हे नाते मुलाचे आयुष्य घडवू शकते, याचे उदाहरण फ्लोरिडा राज्यातल्या डेटोना बीचमधले आहे. १९४६ सालच्या मार्चमध्ये जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू तिथे सरावासाठी आला होता. तोपर्यंत मेजर लीगचे दरवाजे कृष्णवर्णीयांना बंद होते. रॉबिन्सनने ते पुढच्या वर्षी, १५ एप्रिल १९४७ रोजी उघडले. त्या गावातला एड चार्ल्स हा कृष्णवर्णीय मुलगा तेव्हा तेरा वर्षांचाही झालेला नव्हता. रॉबिन्सनची आगगाडी सुटली तेव्हा तो आणि त्याचे सवंगडी रुळांच्या कडेने धावत सुटले, गाडी दिसेनाशी झाल्यावर त्यांनी रुळांना कान लावले आणि तिची थरथर पूर्ण विरेपर्यंत ते ऐकत राहिले, असे चार्ल्सने मोठेपणी सांगितले आहे. गाडीत बसलेल्या माणसाला मागे रुळावर टेकलेल्या त्या कानांची गंधवार्ताही नव्हती. चार्ल्सने पुढे दुय्यम दर्जाच्या स्पर्धांमध्ये जवळपास दहा वर्षे काढली, १९६२ साली वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तो मेजर लीगमध्ये उतरला आणि १९६९ साली वर्ल्ड सीरीज जिंकणाऱ्या न्यूयॉर्क मेट्सचा तो खेळाडू होता. ज्या मुलाला ‘तुझ्यासारख्यांसाठी ही वाट नाही’ असे सारे जग सांगत असते, त्याच्यासाठी त्या वाटेवरून चालणारा एक माणूस नुसता दिसणे हेच मोठे उत्तर असते.

या नात्यातून सर्वांत दूरवर गेलेली गोष्ट मात्र बॉस्टनची आहे, आणि तिचा एक धागा भारतापर्यंत येतो.

बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात सिडनी फार्बर नावाचे डॉक्टर लहान मुलांच्या कर्करोगावर काम करत होते. त्या काळी रक्ताचा कर्करोग झालेले मूल वाचत नसे. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ते जाई. फार्बर यांनी शरीरातील फॉलिक आम्लाच्या कामात अडथळा आणणारी औषधे वापरायला सुरुवात केली. पेशींना वाढण्यासाठी फॉलिक आम्ल लागते. ते तोडले तर झपाट्याने वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशी उपाशी पडतील, असा हा विचार होता. १९४८ सालच्या जून महिन्यात त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात सोळा मुलांपैकी दहा जणांचा आजार काही काळ मागे हटल्याची नोंद होती. ही औषधे लेडर्ली प्रयोगशाळेतून आली होती, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच प्रयोगशाळेत तयार झालेले याच कुळातले टेरोप्टेरिन हे औषध १९४७ साली रूथला देण्यात आले होते, आणि त्याने त्याला काही काळ उतारही पडला होता. सुब्बाराव आणि रूथ हे दोघेही १९४८ सालच्या ऑगस्ट महिन्यात, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने न्यूयॉर्कमध्ये गेले. दोघे एकमेकांना कधी भेटल्याची नोंद माझ्या वाचनात नाही. एकाच्या प्रयोगशाळेतले औषध मात्र दुसऱ्याच्या शरीरात गेले होते.

फार्बर यांना संशोधनासाठी पैसा हवा होता आणि त्यासाठी लोकांनी एका मुलाला ओळखायला हवे होते. त्यांच्या रुग्णांमध्ये मेन राज्यातल्या न्यू स्वीडन या गावचा बारा वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या पोटात कर्करोगाची गाठ होती, आणि बॉस्टन ब्रेव्हज या बेसबॉल संघावर त्याचा भारी जीव होता. त्याची ओळख उघड होऊ नये म्हणून फार्बर यांनी त्याचे नाव बदलले. ‘जिमी’ हे ते नाव.

२२ मे १९४८ रोजी रात्री रॅल्फ एडवर्ड्स यांच्या देशभर ऐकल्या जाणाऱ्या रेडिओ कार्यक्रमात हा मुलगा बोलला. एडवर्ड्स हॉलिवूडमधून बोलत होते आणि जिमी बॉस्टनच्या रुग्णालयातल्या आपल्या खाटेवरून. तुला बेसबॉल आवडतो का, तुझा आवडता संघ कोणता, असे साधे प्रश्न विचारता विचारता एडवर्ड्स यांनी ब्रेव्हजचा कॅचर, म्हणजे आपल्याकडचा यष्टिरक्षक, कोण आहे असे विचारले. फिल मासी, जिमीने सांगितले. तू त्याला कधी भेटला आहेस का? नाही. तेवढ्यात त्या खोलीतच एका माणसाने पुढे होऊन ‘मी फिल मासी’ म्हणून जिमीला हाक मारली. हा कुठून आला, म्हणून मुलगा चकित झालेला श्रोत्यांना ऐकू येत होता. मग त्याने एकेक नाव घ्यावे आणि तो तो खेळाडू दारातून आत यावा, असे होत गेले. सह्या झाल्या, संघाचा गणवेश मिळाला, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून बेसबॉलच्या मैदानावर गातात ते गाणे म्हटले. मुलाचा सूर लागत नव्हता, आणि आवाज मात्र खणखणीत होता.

या प्रसंगात एकतर्फी नात्याची दुसरी बाजू अक्षरशः एका खोलीत येऊन उभी राहिली, आणि लाखो लोकांनी ते कानांनी अनुभवले. मुलाचे आडनाव कोणाला कळले नाही, त्याला कोणता आजार आहे हे त्याच्यासमोर उच्चारले गेले नाही. आज आजारी मुलांचे चेहरे मदतीसाठी सर्रास दाखवले जातात, तेव्हा पाऊणशे वर्षांपूर्वीची ही काळजी मला फार मोलाची वाटते. जिमीला आपल्या संघाचे सामने पाहता यावेत म्हणून दूरचित्रवाणी संच देऊ या, आणि त्यासाठी कर्करोग संशोधनाला वीस हजार डॉलर मिळू द्या, असे आवाहन एडवर्ड्स यांनी केले. त्या वर्षात जमले दोन लाख डॉलरहून अधिक. जिमीला संच मिळाला, आणि त्याच्या ब्रेव्हजनी त्या वर्षी नॅशनल लीगचे, म्हणजे मेजर लीगच्या दोन गटांपैकी एकाचे विजेतेपदही मिळवले.

१९५३ साली ब्रेव्हज संघ बॉस्टन सोडून मिलवॉकीला गेला, तेव्हा त्याच शहरातल्या रेड सॉक्स संघाने जिमीच्या नावाने उभ्या राहिलेल्या या ‘जिमी फंडा’ची जबाबदारी आपल्याकडे घेतली. रेड सॉक्सचा विख्यात फलंदाज टेड विल्यम्स पत्रकारांशी फटकून वागण्यासाठी प्रसिद्ध होता. तो वर्षानुवर्षे या आजारी मुलांना भेटायला जात राहिला, आणि त्याची बातमी होता कामा नये अशी त्याची अट असे. पिट्सबर्ग संघाचा खेळाडू रोबेर्तो क्लेमेंते चाहत्यांची पत्रे शहरांप्रमाणे वेगळी लावून ठेवत असे आणि संघ त्या गावी गेला की तिथल्या रुग्णालयातल्या मुलांना गाठत असे. रूथच्या भेटीमागे वर्तमानपत्रांचा जथा होता. या दोघांनी तो दाराबाहेर ठेवला. माझ्या मते या नात्यातला मोठेपणा ओळखण्याची हीच कसोटी आहे : कॅमेरा नसताना खेळाडू त्या खोलीत किती वेळ बसतो.

जिमीचे पुढे काय झाले, हे लोकांना कळले नव्हते. बहुतेकांनी तो केव्हाच गेला असेल असे धरून चालले होते, आणि त्या काळातल्या आजाराचे स्वरूप पाहता त्यांना दोष देता येत नाही. १९९८ साली, त्या प्रसारणाला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना, तो माणूस समोर आला. त्याचे खरे नाव एइनार गुस्टाफसन. तो आपल्याच मेन राज्यात राहत होता, ट्रक चालवत होता आणि तीन मुलींचा बाप झाला होता. त्यानंतर २००१ साली वयाच्या पासष्टाव्या वर्षी निधन होईपर्यंतची त्याची थोडीच वर्षे उरली होती, आणि त्या वर्षांत तो बॉस्टनला त्याच ठिकाणी उपचार घेणाऱ्या मुलांना भेटायला जात असे. फिल मासीसारखाच तोही अचानक दारातून आत यायचा, आणि आपले नाव सांगायचा : मी जिमी.